अण्णा भाऊ साठे : चरित्र आणि जातिव्यवस्थेचा कथात्म प्रतिवाद

१. प्रास्ताविक

स्वातंत्र्योत्तर मराठी कथात्म वाङ्मयातील जातिविरोधी जाणिवेचा इतिहास सांगताना त्याचा आरंभ सामान्यतः बाबूराव बागूल यांच्या १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथासंग्रहापासून केला जातो. या संग्रहाचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि त्यापूर्वीची जवळजवळ दीड दशके एक लेखक गावकुसाबाहेरच्या, पालांतल्या आणि झोपडपट्टीतल्या माणसांना नायकत्व देणाऱ्या कथा-कादंबऱ्या सातत्याने लिहीत होता. त्यांना मोठा वाचकवर्गही लाभला होता. तो लेखक म्हणजे अण्णा भाऊ साठे (१९२०-१९६९) होत. 'लोकशाहीर' ही त्यांची उपाधी सर्वश्रुत आहे. परंतु याच उपाधीमुळे त्यांच्या कथा-कादंबरीकडे समीक्षेचे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले, असे म्हणावयास जागा आहे.

अण्णा भाऊंविषयी जी चर्चा झाली ती मुख्यतः दोन प्रश्नांभोवती फिरत राहिली. ते मार्क्सवादी होते की आंबेडकरवादी, हा पहिला प्रश्न. त्यांचे लेखन कलात्मक आहे की निव्वळ रंजनपर, हा दुसरा. अण्णा भाऊंचे आयुष्य आणि लेखन एकत्र वाचले असता हे दोन्ही प्रश्न चुकीच्या पद्धतीने मांडले गेले असल्याचे दिसून येते. प्रस्तुत लेखात त्यांच्या चरित्राचा मागोवा घेत, त्यांचा जातिव्यवस्थेला असलेला विरोध कोणत्या अनुभवातून आकाराला आला आणि त्याने कोणते वाङ्मयीन रूप धारण केले, याचा विचार करावयाचा आहे.

२. वाटेगाव : गावकूस आणि हजेरी

अण्णा भाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी तत्कालीन सातारा, आताच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यातल्या वाटेगाव येथील मांगवाड्यात झाला. त्यांचे मूळ नाव तुकाराम. वडील भाऊराव मुंबईत माळीकाम करीत. आई वालूबाई गावी मोलमजुरी करून संसार चालवीत. मांग समाजाच्या वाट्याला गावगाड्याने दोर वळणे, केरसुण्या करणे, हलगी वाजविणे आणि गावाची राखण करणे ही कामे दिली होती. गावाचे रक्षण ज्याने करावयाचे त्यालाच गावाच्या सीमेवर ठेवावयाचे, ही या व्यवस्थेतील मूलभूत विसंगती होय. अण्णा भाऊंच्या कादंबऱ्यांमध्ये ही विसंगती पुढे कथानकाचा कणा बनली.

या विसंगतीत वसाहतवादी राज्यसत्तेने आणखी एका अन्यायाची भर घातली. १८७१ साली अस्तित्वात आलेल्या आणि पुढे मुंबई इलाख्यालाही लागू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जातिजमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. साताऱ्याकडील मांगांनाही या कायद्याचा जाच सोसावा लागला. पोलीस-पाटलाकडे नियमाने हजेरी देणे, परवानगीवाचून गाव न सोडणे, कोठेही चोरी झाली की प्रथम संशयित म्हणून पकडले जाणे, हे त्या समाजाचे नित्याचे जीवन होते. जातीने दिलेला कमीपणा आणि सरकारने मारलेला गुन्हेगारीचा शिक्का असा दुहेरी भार घेऊन माणसे जगत होती. बंडखोर फकिरा मांगाच्या शौर्याच्या कथा याच वातावरणात घरोघर सांगितल्या जात. लहानग्या तुकारामाने त्या ऐकल्या. ज्याला सरकारदफ्तरी दरोडेखोर म्हटले होते तो आपल्या माणसांच्या लेखी वीर आहे, हा फरक त्यांच्या मनावर बालपणीच ठसला.

त्यांचे शालेय शिक्षण जेमतेम दीड दिवसाचे. शाळेत वाट्याला आलेल्या वागणुकीमुळे ती कायमची सुटली. औपचारिक शिक्षणाचा हा अभाव त्यांच्या चरित्रकारांनी कौतुकाच्या सुरात नोंदविला आहे. परंतु त्यात कौतुक करण्यासारखे काही नाही. शाळेचे दार एका मुलासाठी कसे बंद झाले, याचा तो पुरावा आहे. त्याचवेळी हेही लक्षात घ्यावयास हवे की गाणी, पोवाडे, तमाशातील वग आणि सांगीवांगीच्या कथा यांची दुसरी एक शाळा त्यांना उपलब्ध होती. त्यांची कथनशैली घडली ती या दुसऱ्या शाळेत.

३. मुंबई : श्रम, अक्षर आणि संघटना

१९३० नंतरच्या एकदोन वर्षांत साठे कुटुंबाने उपजीविकेसाठी गाव सोडले आणि वाटेत मिळेल ते काम करीत पायी मुंबई गाठली. भायखळ्याच्या परिसरात राहून अण्णा भाऊंनी हमाली केली, फेरीवाल्याचे गाठोडे वाहिले, गिरणीत काम केले. दुकानांच्या पाट्या आणि चित्रपटांची जाहिरातफलके वाचता वाचता ते अक्षरओळख करून घेऊ लागले. मधल्या काळात गावी परतल्यावर चुलतभाऊ बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात त्यांनी काम केले. पुढे सातारा भागात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या लढ्याचाही त्यांच्यावर प्रभाव पडला.

मुंबईने त्यांना दिलेला महत्त्वाचा धडा जात आणि श्रम यांच्या संबंधाचा होता. शहरात येऊन मजूर झालेला अस्पृश्य जातीपासून मुक्त होत नाही, हे गिरण्यांमध्ये उघड दिसत होते. चांगली मजुरी देणारे विणकाम खाते अस्पृश्य कामगारांना बंद होते; सूत तोंडाने ओढावे लागत असल्याने विटाळाची सबब पुढे केली जात असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार चळवळीसमोर ठामपणे मांडला होता. दुसरीकडे, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध झालेल्या संपात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले होते. जातीचा लढा आणि वर्गाचा लढा या दोन प्रवाहांत मतभेद होते, परंतु कामगारवस्तीत राहणाऱ्या दलित तरुणाच्या दृष्टीने ते दोन्ही एकाच गल्लीतून वाहत होते.

माटुंग्याचा लेबर कॅम्प ही अशीच वस्ती. १९२७ च्या महाड सत्याग्रहाच्या उभारणीत वाटा असलेले आणि पुढे कम्युनिस्ट पक्षात गेलेले रा. बा. मोरे यांच्यासारखे कार्यकर्ते तेथे काम करीत होते. अण्णा भाऊ पक्षाच्या कामात ओढले गेले ते याच वस्तीत. भित्तिपत्रके चिकटविण्यापासून सभांत गाणी म्हणण्यापर्यंत सर्व कामे त्यांनी केली. त्यांची आरंभीची रचना कॅम्पातल्या डासांवर होती. तेथून स्पेनच्या यादवी युद्धापर्यंत आणि १९४३ च्या सुमारास 'स्टालिनग्राडचा पोवाडा' पर्यंत त्यांच्या शाहिरीचा परीघ विस्तारत गेला.

१९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासमवेत त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. या पथकासाठी त्यांनी लिहिलेल्या तमाशांनी एका जुन्या कलाप्रकाराची रचनाच पालटली. पारंपरिक गणातील देवस्तवनाच्या जागी त्यांनी कष्टकऱ्यांना आणि मातृभूमीला वंदन आणले, गवळण वगळली, आणि वगाच्या मध्यभागी राजाऐवजी शेठजी, दलाल, मंत्री यांना आणून बसविले. 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'शेटजींचे इलेक्शन', 'लोकमंत्र्यांचा दौरा' या रचना याची साक्ष देतात. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्य सरकारने कलापथकाच्या कार्यक्रमांवर आणि तमाशावर निर्बंध घातले, तेव्हा हाच प्रकार 'लोकनाट्य' या नावाने लोकांसमोर येत राहिला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या छक्कडीने गिरणगावात आणि खेड्यापाड्यात जे काम केले ते सर्वज्ञात असल्याने त्याचा येथे विस्तार करण्याचे कारण नाही.

४. आंबेडकरी प्रेरणा आणि १९५८ चे संमेलन

डॉ. आंबेडकरांचे ६ डिसेंबर १९५६ रोजी महापरिनिर्वाण झाले. जग बदलण्याचे आवाहन करणारे आणि त्या आवाहनाचे श्रेय बाबासाहेबांच्या शिकवणीला देणारे अण्णा भाऊंचे गीत आजही आंबेडकरी सभांतून गायिले जाते. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत दादर येथे भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांच्या हस्ते झाले. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून दलित आणि श्रमिक यांच्या तळहातावर तरलेली आहे, असा आशय त्यांनी तेथे मांडला. या एका विधानात त्यांची वैचारिक भूमिका सामावलेली आहे. पौराणिक प्रतिमा नाकारणे हा आंबेडकरी विचाराचा भाग आणि श्रमाला जगाचा आधार मानणे हा मार्क्सवादी विचाराचा भाग. येथे ते दोन वेगळे करता येत नाहीत, कारण 'दलित' आणि 'श्रमिक' हे दोन शब्द अण्णा भाऊंच्या अनुभवात एकाच देहाची नावे होती.

ते मार्क्सवादी की आंबेडकरवादी, हा प्रश्न विचारणाऱ्यांना लेबर कॅम्पचा विसर पडतो. ज्या दोन चळवळींच्या नेतृत्वात अंतर होते त्यांच्या तळाशी माणसे मात्र बऱ्याच अंशी तीच होती. अण्णा भाऊंनी हे अंतर सिद्धान्ताने मिटविले, असा दावा करता येणार नाही. त्यांनी ते कथेत एकत्र जगून दाखविले.

५. 'फकिरा'

१९५९ साली प्रसिद्ध झालेली 'फकिरा' ही कादंबरी अण्णा भाऊंनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे. वि. स. खांडेकरांची प्रस्तावना तिला लाभली असून १९६१ साली महाराष्ट्र शासनाचा पुरस्कारही मिळाला. तिच्या प्रकाशनाचा काळ विचारात घेण्याजोगा आहे. संविधानाने १९५० साली अस्पृश्यता नष्ट केली होती. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला होता. अस्पृश्यता गुन्हा कायदा १९५५ साली आला होता. कायद्याच्या पुस्तकातून शिक्का पुसला गेल्यावर सात वर्षांनी अण्णा भाऊ त्या शिक्क्याची कथा लिहितात. पुसलेला शिक्का लोकांच्या मनातून गेला काय, असा प्रश्न ही कादंबरी स्वतंत्र देशातील वाचकाला विचारते.

कादंबरीच्या आरंभी फकिराचा बाप राणोजी शिगावची जोगणी वाटेगावात आणतो आणि त्यात शिगावच्या खोताकडून मारला जातो. जोगणीमुळे वाटेगावात जत्रा भरू लागते, गावाची प्रतिष्ठा वाढते. ही प्रतिष्ठा ज्याच्या रक्तावर उभी राहिली तो मात्र गावकुसाबाहेरचा. अण्णा भाऊ येथे आक्रोश करीत नाहीत. गावाचा मान मांगाच्या मस्तकाच्या मोलाने विकत घेतला जातो, एवढी वस्तुस्थिती ते घटनेतून मांडतात आणि गावगाड्याच्या हिशेबात हे ऋण कोठे नोंदले आहे, हे वाचकाला शोधावयास लावतात. पुढे जोगणी परत नेण्यासाठी चालून आलेल्या खोताचा फकिरा पराभव करतो. परंतु त्याचा जीव घेत नाही. ज्याला कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरविले त्याच्याच ठिकाणी युद्धाचा नीतिधर्म जिवंत आहे, हे कादंबरीचे प्रत्युत्तर आहे.

दुष्काळात माणसे अन्नावाचून मरू लागतात तेव्हा फकिरा धान्य आणि पुढे सरकारी खजिना लुटतो. लुटीचा हेतू संचय नसून वाटप हा आहे. त्याला पकडण्यासाठी सरकार त्याच्या जातभाईंना, बायकामुलांना ओलीस धरते आणि त्यांच्या सुटकेसाठी तो स्वतःहून शरण येतो. हजेरीचा कायदा व्यक्तीच्या अपराधासाठी जमातीला शिक्षा देतो. फकिरा जमातीच्या सुटकेसाठी व्यक्ती म्हणून शिक्षा पत्करतो. कादंबरीचा शेवट या उलटापालटीवर उभा आहे.

या कादंबरीवर दोन आक्षेप घेतले गेले आहेत. पहिला असा की तिच्यात विष्णुपंत कुलकर्ण्यांसारखा सवर्ण उदारमनस्क दाखविला असल्याने गावातील जातिसंघर्ष सौम्य होतो आणि दोषाचा भार इंग्रज सत्तेवर पडतो. या आक्षेपात तथ्य आहे. बागुलांच्या कथेत जातीशी जो समोरासमोर आणि निर्वाणीचा झगडा आढळतो तो 'फकिरा'त नाही. तथापि विष्णुपंतांचे औदार्य फकिराला वाचवू शकत नाही, हेही कादंबरीच सांगते. व्यक्तीच्या भलेपणाने व्यवस्था बदलत नाही, हा निष्कर्ष अण्णा भाऊंनी उच्चारला नसला तरी कथानकाने तो सिद्ध केला आहे. दुसरा आक्षेप नायकाच्या भव्यतेविषयी आहे. फकिरा अतिमानवी वाटतो, हे खरे. परंतु हे भव्य रूप पोवाड्यातून आलेले आहे. पोवाड्याचा नायक परंपरेने सरदार किंवा राजा असे. त्या जागेवर मांगाला बसविणे हीच प्रतिवादाची कृती होती. वास्तववादाच्या निकषावर जे उणे ठरते ते वाङ्मयप्रकाराच्या इतिहासात पाहिल्यास बंडखोरीचे ठरते.

६. अन्य कथात्म लेखन

अण्णा भाऊंनी तीसहून अधिक कादंबऱ्या आणि अनेक कथासंग्रह लिहिले. हे सर्व लेखन एकाच प्रतीचे नाही. उपजीविकेसाठी घाईने लिहिलेल्या कादंबऱ्यांत योगायोगांची आणि साचेबंद खलनायकांची गर्दी होते. स्त्रियांच्या शीलाचे चित्रण पुष्कळदा आदर्शवादी राहते. हे मान्य करूनही या लेखनाची व्याप्ती विलक्षण आहे. 'वैजयंता'त तमासगीर स्त्रीचे, 'चिखलातील कमळ'मध्ये मुरळी प्रथेचे, 'माकडीचा माळ'मध्ये माळावर पाल ठोकून राहणाऱ्या भटक्या जमातींचे जग प्रथमच एवढ्या जवळून मराठी कादंबरीत आले. 'वारणेचा वाघ' मधील सत्तू भोसले मराठा आहे. एकाच जातीचे दुःख सांगणारा लेखक अशी अण्णा भाऊंची संभावना करणाऱ्यांनी ही यादी ध्यानात घ्यावी.

'माकडीचा माळ'च्या संदर्भात एक गोष्ट विशेष नोंदविली पाहिजे. या कादंबरीत जातपंचायतीचा जाचही आहे. उतरंडीच्या तळाशी असलेल्या समाजांतही पुन्हा उतरंड असते आणि ती प्रेम करणाऱ्या तरुणांना चिरडते, हे अण्णा भाऊंनी लपविलेले नाही. आपल्या माणसांविषयीच्या आत्मीयतेने त्यांची दृष्टी अंध झाली नाही.

लघुकथेत त्यांची शक्ती अधिक नेमकेपणाने प्रकट होते. 'स्मशानातील सोनं' या कथेतील भीमा वारणेकाठचा पहिलवानी बांध्याचा माणूस. मुंबईच्या उपनगरातील खाणीवर तो दगड फोडतो. खाण बंद पडते आणि उपाशी कुटुंबासाठी तो मढी उकरून त्यांच्या अंगावरचे आणि राखेतले सोने शोधू लागतो. एका रात्री कोल्ह्यांशी झुंजून तो मढे ताब्यात घेतो; परंतु त्या मढ्याच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि ती तो कायमची गमावतो. त्यानंतर खाण पुन्हा सुरू झाल्याची वार्ता येते, तेव्हा पहार धरणारा हात उरलेला नसतो. जिवंतपणी ज्याला समाजाने अन्न नाकारले त्याला मृतांच्या तोंडातला घास काढावा लागतो. श्रीमंत आणि गरीब हा भेद मेल्यावरही सोन्याच्या रूपाने प्रेताला चिकटून राहतो. कथेत जातीचा उच्चार अगदी गौण आहे. तरीही गाव सोडलेल्या माणसाला शहराने कोणत्या कडेवर नेऊन ठेवले, हे ती निष्ठुरपणे दाखविते. याच सुमारास मराठी नवकथा मध्यमवर्गीय मनाचा तळ शोधण्यात गढलेली होती. तिच्या निकषांवर अण्णा भाऊंची कथा मोजली गेली आणि घटनाप्रधान म्हणून बाजूला ठेवली गेली. ज्यांच्या आयुष्यात घटना आदळतच असतात त्यांच्या कथेत घटना प्रधान असणार, हा साधा विचार त्यावेळी झाला नाही.

७. अखेरची वर्षे

१९६१ साली अण्णा भाऊ सोव्हिएत रशियाला जाऊन आले. 'माझा रशियाचा प्रवास' हे त्या भेटीचे फलित. त्यांच्या कादंबऱ्यांवर मराठी चित्रपट निघाले, आवृत्त्या खपल्या. तरीही या यशाने त्यांचे दारिद्र्य हटले नाही. घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ काढला आणि बहुतेक लेखन तेथेच केले. शासनाचा पुरस्कार मिळविणारा कादंबरीकार झोपडीत राहतो, यातील विषमता त्यांच्या कथांहून वेगळी नाही. अखेरच्या काळात ते गोरेगावच्या सिद्धार्थनगरात राहावयास गेले. कौटुंबिक अस्वास्थ्य, आजार आणि एकाकीपण यांनी त्यांना ग्रासले होते. १८ जुलै १९६९ रोजी, वयाची एकोणपन्नास वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले. त्यानंतर तीन वर्षांनी, १९७२ मध्ये, दलित पँथरची स्थापना झाली आणि दलित साहित्याचा जोमदार कालखंड सुरू झाला. तो पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही.

८. समारोप

मरणोत्तर अण्णा भाऊंचा गौरव पुष्कळ झाला. १९९८ साली त्यांचे निवडक वाङ्मय शासनाने प्रकाशित केले, २००२ साली टपाल तिकीट निघाले, २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. परंतु या गौरवासोबत एक धोकाही वाढत गेला आहे. जयंती-मिरवणुकांतून ते हळूहळू एका जातीचे मानचिन्ह बनत आहेत. अभ्यासक्रमांतून ते एखाद्या कथेपुरते उरत आहेत. जन्माने चिकटवलेली ओळख नाकारणे हा ज्याच्या लेखनाचा प्राण, त्यालाच जन्माच्या ओळखीत बंदिस्त करणे हा त्याच्यावरील मोठा अन्याय होय.

अण्णा भाऊंचा प्रतिवाद कणव मागणारा नव्हता. त्यांचे नायक दया करावी असे नाहीत. ते सन्मानाची मागणी करतात आणि ती नाकारली गेल्यास झुंजतात. या दृष्टीने पाहता त्यांचे लेखन पुढील दलित कथेची केवळ पूर्वपीठिका ठरत नाही. वेदना आणि विद्रोह या पुढे रूढ झालेल्या दोन संकल्पनांच्या जोडीला पराक्रम ही तिसरी संकल्पना त्यात आहे आणि तिचा विचार दलित साहित्याच्या समीक्षेने पुरेसा केलेला नाही. पोवाडा, वग आणि लोककथा यांच्या घडणीतून ही कादंबरी वाचण्याची पद्धत विकसित झाली तर अण्णा भाऊंच्या लेखनाचे मूल्यमापन नव्याने करता येईल, आणि स्वातंत्र्योत्तर मराठी कथात्म वाङ्मयाच्या इतिहासाचा आरंभबिंदूही काही वर्षे मागे न्यावा लागेल.